अकरा लिटर पाणी

रायनाने उंबरठ्यावर पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला. तिच्या नवऱ्याने, वेल्कोने, उजव्या पायाने तो कलंडवला, पाणी पायऱ्यांवरून खळाळत अंगणात गेलं आणि रायना रीतीप्रमाणे म्हणाली, "पाण्यासारखं वाहू दे सगळं." परीक्षेला, नव्या नोकरीला किंवा लग्नाला निघालेल्या माणसापुढे पाणी ओतल्याशिवाय त्या गावात कोणी कोणाला घराबाहेर पडू देत नसे. पाणी जसं वाट काढत जातं तसं माणसाचं काम जावं, एवढाच त्यातला भाव.

"बास झालं एवढं," वेल्को म्हणाला. "कारखान्यात कोणाच्या डोक्यात हे खूळ यायला नको."

"तुझी ती पाटी असताना कोणाची छाती होणार आहे? त्सांकोची बायको सांगत होती, तिथून जाताना तो तोंडातली थुंकीसुद्धा आधी गिळून घेतो."

वेल्को शोपोव हा मोटारींचे हॉर्न बनवणाऱ्या कारखान्यात विजेचा तंत्रज्ञ होता. एकतीस वर्षं त्याने एकच धर्म पाळला होता: वीज एकीकडे, पाणी दुसरीकडे. टेस्टिंग केबिनच्या दारावर त्याने स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती. "इथे पाणी, कॉफी, सूप, ताक किंवा कोणताही पातळ पदार्थ आणू नये. आणणाऱ्याची गय केली जाणार नाही. वे. शोपोव." त्यातलं ताक त्सांकोमुळे आलं होतं. त्सांको फोर्कलिफ्ट चालवायचा आणि चालवता चालवता ताक प्यायचा.

आज गाड्या बनवणाऱ्या जर्मन कंपनीचे तपासनीस रीडेलसाहेब वेल्कोचा टेस्ट बेंच पाहायला येणार होते. नवा बेंच घ्यायला वरून पैसे आले नाहीत, तेव्हा वेल्कोने नऊ महिने खपून भंगारातल्या मशीनमधून तो उभा केला होता. हॉर्न साच्यात बसवायचा, दोन हातांनी दोन बटणं दाबायची, हॉर्न वाजायचा, बेंच त्याचा आवाज आणि करंट मोजायचा आणि हिरवा नाहीतर लाल दिवा लावायचा. असे तीनशे हॉर्न सलग, मध्ये न थांबता तपासून दाखवले की पुढची चार वर्षं हॉर्नची लाइन याच गावात राहणार होती. नाही जमलं तर लाइन उचलून दुसऱ्या देशात जाणार आणि इथली बेचाळीस माणसं घरी बसणार. वेल्को अठ्ठावन्न वर्षांचा होता. त्या खोऱ्यात त्याला कामावर घेईल असं दुसरं काही नव्हतं, आणि लाइनवरच्या बायका त्याच्याहून तरुण असल्या तरी त्यांचीही गत वेगळी नव्हती.

म्हणून तो साडेपाचलाच कारखान्यात पोचला, एकट्याने सगळं एकदा तपासलं आणि मग स्वच्छ डगला घालायला कपाटांच्या खोलीकडे गेला. तिथे त्याने बटणं तीनदा लावली आणि तीनदा काढली, त्यात पावणेआठ होऊन गेले.

आठला रीडेलसाहेब आले. उंच, बारीक, बोलण्यात मोजके. त्यांची भाषा इथे एकट्या झ्लातिनाला येत होती. ती गुणवत्ता विभागाची प्रमुख, वयाने एकोणतीस आणि वेल्कोला काका म्हणणारी. बरोबर व्यवस्थापिका इस्क्रामॅडम होत्या. इस्क्रा म्हणजे ठिणगी, आणि मॅडमचं बारसं करणाऱ्याला माणसांची पारख असावी असं कामगारांचं मत होतं.

बेंचपाशी दोब्रिन्का बसली. लाइनवरच्या आठजणींत तिचा हात सगळ्यात सफाईदार. पहिला हॉर्न वाजला, हिरवा. दुसरा, हिरवा. पन्नासाव्या हॉर्नला मॅडमनी श्वास सोडला. शंभराव्याला वेल्कोने डगल्याचं वरचं बटण काढलं. एकशे सतराव्या हॉर्नचा आवाज मध्येच कापला गेला आणि बेंचचे सगळे दिवे गेले.

"ब्रेकर पडला," वेल्को म्हणाला. त्याने तो वर केला. तो पुन्हा पडला. तिसऱ्यांदा वर केला, तर तो बोट काढायच्या आत पडला.

रीडेलसाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि वहीत काही लिहिलं. झ्लातिनाने सांगितलं, "साहेब म्हणतात, आणखी एक संधी आहे, पण एकच. आधी बिघाडाचं कारण सापडलं पाहिजे, मग पाच 'का'चा तक्ता भरायचा, मग पहिल्यापासून तीनशे. तीनला ते निघणार. विमान आहे."

पाच 'का'चा तक्ता म्हणजे मोटारीच्या धंद्यातलं स्तोत्रच. काही बिघडलं की विचारायचं, का बिघडलं? जे उत्तर येईल त्याला पुन्हा विचारायचं, ते का? असं पाच वेळा खणत गेलं की मूळ कारण हाती लागतं अशी या लोकांची श्रद्धा. वेल्कोने आयुष्यात असे पुष्कळ तक्ते भरले होते, पण ते सगळे दुसऱ्यांच्या चुकांचे होते.

तो कामाला लागला. बेंचची पॉवर सप्लाय सोडवली, तपासली, ठीक. साच्याच्या तारा सोडवल्या, ठीक. बटणं ठीक. विजेची गळती मोजायचं यंत्र, मेगर, लावून एकेक तार तपासली. बेंच ठणठणीत होता आणि ब्रेकर मात्र उभा राहायला तयार नव्हता. साडेदहा वाजले. लाइनवरच्या बायका, त्सांको आणि झाडलोट करणारी पेनामावशी काम सोडून लांबून पाहत उभ्या राहिल्या होत्या.

"दृष्ट लागली असेल वेल्कोदादा," त्सांको म्हणाला. "माझ्या मेहुण्याच्या ट्रॅक्टरला लागली होती."

वेल्को कपाळाचा घाम पुसत उठला. "दृष्ट नाही नि काही नाही. यात कुठंतरी पाणी मुरतंय."

तो आपला बोलण्याच्या ओघात बोलला होता. पण पेनामावशीच्या हातातला झाडू खाली पडला, त्सांकोला ठसका लागला, दोब्रिन्काने मैत्रिणीचा दंड धरला, झ्लातिनाने हे वाक्य भाषांतर न करताच सोडून दिलं आणि मॅडम छताकडे पाहू लागल्या. वेल्कोने या सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. मग त्याने केबिनच्या उंबरठ्याकडे पाहिलं. उंबरठ्याला लागूनच जमिनीत केबलची नाली होती, तिच्यावर लोखंडी झाकणं होती, आणि नालीच्या तळाशी बेंचचा सॉकेट होता. त्याने मेन स्विच बंद केला आणि झाकण उचललं.

नालीत पाणी होतं. सॉकेट त्यात अर्धा बुडाला होता. आणि पाण्यावर जिरेनियमची एक हिरवी डहाळी आरामात तरंगत होती.

असली डहाळी कोणी पिण्याच्या पाण्यात घालत नाही. ती शकुनाच्या तांब्यात घालतात. आणि कारखान्यात जिरेनियमची कुंडी एकच होती, संडासाच्या खिडकीत, पेनामावशीची.

"कोणी ओतलं हे?" मॅडमनी विचारलं. त्यांचा आवाज चढला होता. "बेचाळीस घरांचा प्रश्न आहे. त्या माणसाचं नाव सांगा, संध्याकाळपर्यंत तो या कारखान्यात दिसणार नाही."

पेनामावशीला पेन्शन व्हायला दीड वर्ष उरलं होतं. वेल्कोने डहाळी उचलून गुपचूप डगल्याच्या खिशात घातली. "कोणी नाही मॅडम. पाइप गळतोय."

झ्लातिनाने ते सांगितलं. रीडेलसाहेबांनी वर पाहिलं, चारी भिंतींकडे पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला. "साहेब विचारतात, कुठला पाइप?"

त्या शेडमध्ये पाइप नव्हताच. वेल्कोनेच तो बारा वर्षांपूर्वी भांडून काढायला लावला होता. तेवढ्यात पेनामावशी पुढे आली.

"खोटं कशाला बोलतोस रे? तुला जमत नाही ते," ती म्हणाली. "मी ओतलं मॅडम. सहा वाजता. तांब्याभर, उंबरठ्यावर, बेतानं. म्हटलं रायना घरी ओतेलच, पण काम इथं आहे तर इथंही नको का?"

"मावशी, पाटी वाचली नाहीस?" वेल्कोने विचारलं.

"चष्मा लावला नव्हता."

"नऊ वर्षं आहे ती पाटी तिथं."

"नऊ वर्षं लावला नव्हता."

वेल्कोने तेल मोजायचं माप आणलं आणि पंपाने नाली उपसायला घेतली. रीडेलसाहेब शेजारी उकिडवे बसून माप मोजत होते. नाली कोरडी झाली तेव्हा त्यांनी आकडा लिहिला आणि झ्लातिनाला दाखवला.

"अकरा लिटर," ती म्हणाली. "साहेब विचारतात, तांब्या केवढा?"

"दोन लिटरचा," मावशी म्हणाली. "लग्नातला."

"मग बाकीचे नऊ?" झ्लातिनाने विचारलं.

त्सांकोने टोपी काढली. "अर्धी बादली माझी. चार लिटर. सव्वासहाला आलो तर फरशी कोरडी ठणठणीत. मला वाईट वाटलं. म्हटलं एवढा मोठा दिवस आणि वेल्कोदादाची कोणाला आठवण नाही."

"कोरडी असणारच. माझं फटीतून खाली गेलं होतं," मावशी म्हणाली.

"ते मला काय माहीत? तू सांगायचं होतंस."

"पाटी असताना सांगू?"

दोब्रिन्काने हात वर केला, शाळेत करतात तसा. "आम्ही आठजणींनी मिळून चहाची किटली. दोन लिटर. आम्हालाही कोरडीच दिसली."

मॅडमचा चेहरा लाल झाला होता. "म्हणजे अख्ख्या कारखान्यात एकालाही अक्कल नाही? वीज आहे तिथं पाणी ओततात? लहान मुलं आहात?"

"मॅडम," दोब्रिन्का जपून म्हणाली, "साडेसातला तुम्ही इकडे आलात तेव्हा तुमच्या हातात दीड लिटरची बाटली होती. परत जाताना रिकामी होती."

"मला तहान लागली होती."

मॅडमनी बुटांकडे पाहिलं. "सगळी ओतली," त्या शेवटी म्हणाल्या. "पाटी मलाही लागू आहे, ते माहीत आहे मला."

हे सगळं झ्लातिना साहेबांना वाक्यामागून वाक्य सांगत होती. आता तिने घसा साफ केला आणि जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली. मग इकडे वळून तिने तेच सांगितलं, "आणि दुभाषी म्हणते की एक लिटर तिचं आहे. पावणेआठला."

वेल्कोला खरं म्हणजे संतापायचं होतं. नऊ महिन्यांच्या मेहनतीवर या लोकांनी शब्दशः पाणी ओतलं होतं. पण माणूस एका वेळी किती जणांवर संतापणार, आणि तेही ज्यांनी पहाटेपासून चोरपावलांनी येऊन त्याचं भलं चिंतलं त्यांच्यावर. त्याने पंपाची नळी गुंडाळायला घेतली आणि गरजेपेक्षा बराच वेळ गुंडाळत राहिला.

"साडेदहा लिटर होतात," झ्लातिना म्हणाली. "साहेब म्हणतात, अर्धा लिटर कमी पडतोय."

"राउंड करून टाक पोरी," वेल्को घाईने म्हणाला. "बारा वाजत आले. तक्ता भरायला घे."

तक्ता पॅकिंगच्या टेबलावर पसरला. पहिला का: बेंच का थांबला? विजेच्या गळतीने ब्रेकर पडला म्हणून. दुसरा: गळती का झाली? सॉकेटमध्ये पाणी गेलं म्हणून. तिसरा: पाणी का गेलं? लोकांनी उंबरठ्यावर ओतलं म्हणून. चौथा: का ओतलं? वेल्को शोपोव यांचं काम पाण्यासारखं वाहावं म्हणून. इथे झ्लातिनाला भाषांतराला बरीच वाक्यं लागली. रीडेलसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन्सिलीने पाचव्या चौकटीवर टकटक केलं.

"साहेब विचारतात, एका माणसासाठी एवढं पाणी का?"

"हे काय विचारणं झालं?" वेल्को म्हणाला. "लिही, रीत आहे."

"रीत असती तर तांब्याभर झालं असतं," पेनामावशी म्हणाली. "लिही बाई, मी सांगते. सप्टेंबर आला की गावात घरोघर मिरच्या भाजतात. लाल, मोठ्या, वर्षभराच्या. त्या भाजायची विजेची भट्टी असते ना, तिची कॉइल नेमकी शंभर किलो मिरच्या अंगणात पडल्या की जळते. मग आम्ही कोणाकडे जातो? याच्याकडे. रविवारीसुद्धा. जेवत असला तर घास हातात घेऊन येतो. आणि पैसे काढले की म्हणतो, एक बरणी ठेवा माझ्या नावची. ती बरणीही न्यायला येत नाही."

"माझ्या आईची भट्टी चारदा केली," त्सांको म्हणाला.

"बेंचवरची माझी बटणं त्याने खाली घेतली," दोब्रिन्का म्हणाली. "खांदा दुखतो असं मी त्याला बोललेसुद्धा नव्हते. दुसऱ्या दिवशी बटणं चार बोटं खाली."

"माझ्या केबिनचा हीटर," मॅडम म्हणाल्या.

"ते लिहू नको," वेल्को कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन म्हणाला. झ्लातिनाने लिहिलं.

रीडेलसाहेबांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. मग त्यांनी मॅडमना काही सांगितलं, संथपणे, एकेक शब्द ठेवत.

"साहेब म्हणतात," झ्लातिना म्हणाली, "आमच्या कंपनीत माणूस हे मूळ कारण म्हणून चालत नाही. माणसं चुकणारच, धरून चाला. त्यामुळे कोणाला काढायचा प्रश्न येत नाही. पाचवं उत्तर त्यांना मान्य आहे, पण ते कारण दूर करता येणार नाही. त्यासाठी शोपोव यांना लोकांशी वाईट वागायला शिकवावं लागेल आणि त्याला बराच काळ लागेल. ते विचारतात, सॉकेट जमिनीत का आहे?"

पेनामावशीने भिंतीला टेकून डोळे मिटले. वेल्कोला त्या उंच, बारीक माणसाचे पाय धरावेसे वाटले, पण तसा रिवाज नव्हता.

सॉकेट भिंतीवर घ्या, हे वेल्को सहा वर्षं सांगत होता आणि सहा वर्षं ते पालथ्या घड्यावर पाणी ठरत होतं. मॅडमनी तिथल्या तिथे कागदावर सही केली. त्सांकोने भिंतीत भोकं पाडली, वेल्कोने नवी केबल ओढली, सॉकेट छातीच्या उंचीवर बसवला, अर्थिंग दोनदा तपासलं. पावणेएकला बेंच पुन्हा उभा राहिला. ब्रेकर वर गेला आणि वरच राहिला.

"झालं?" मॅडमनी विचारलं.

झालं नव्हतं. तक्त्याची एक चौकट उरली होती: उपाय लागू पडला हे कसं तपासलं? रीडेलसाहेबांचं म्हणणं सरळ होतं. ज्या परिस्थितीत बिघाड झाला तीच परिस्थिती पुन्हा निर्माण करायची. तेच पाणी, तेवढंच पाणी, तीच भांडी, तीच माणसं, तीच जागा. बेंच चालू असताना.

"पुन्हा ओतायचं?" त्सांकोला विश्वास बसेना. "आता? सगळ्यांदेखत?"

"साहेब विचारतात, ओतताना काही बोलला होतात का?"

"हो. म्हणावंच लागतं ना."

"मग तेही म्हणायचं. ते म्हणतात, पद्धत पूर्ण पाळली पाहिजे."

एक वाजायला दहा मिनिटं असताना दोब्रिन्काने पहिला हॉर्न वाजवला आणि वेल्कोच्या पाटीखाली रांग लागली. पेनामावशीने नवी डहाळी खुडून आणली होती. तिने तांब्या कलंडवला, "पाण्यासारखं वाहू दे, वेल्को," म्हणाली, आणि रीडेलसाहेबांनी खूण केली: दोन लिटर. त्सांकोने बादली ओतली आणि तेच शब्द म्हटले. चार. बाकीच्या सातजणींनी किटली एकत्र धरली. मॅडमना बाटलीचं झाकण उघडता येईना, वेल्कोनेच ते उघडून दिलं. झ्लातिनाने स्वतःचं लिटर ओतलं, शब्द म्हटले आणि साहेबांसाठी त्याचं भाषांतरही केलं. पाणी झाकणांच्या फटींतून नालीत जात होतं, आत हॉर्न वाजत होते आणि दिवा हिरवा होता.

वेल्को भिंतीशी मीटर धरून उभा होता. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्याला शुभेच्छा देण्यासाठी रांग लागल्याचं त्याने पाहिलं नव्हतं. मीटरचे आकडे त्याला धड दिसत नव्हते.

रीडेलसाहेबांनी बेरीज केली आणि पेन्सिल खाली ठेवली. "साहेब म्हणतात, साडेदहाच झाले," झ्लातिना म्हणाली. "सकाळी अकरा होते."

"मोजण्यात चूक झाली असेल," वेल्को म्हणाला.

"माप त्यांनी स्वतः पाहिलंय."

"मग थोडं हवेतून आलं असेल."

"काका, हवेत पाणी उडून जातं. म्हणजे सकाळी उलट अकरापेक्षा जास्तच असणार. ते म्हणतात, अर्ध्या लिटरचा धनी सापडला नाही तर तपासणी अपुरी राहील, आणि अपुऱ्या तपासणीवर ते सही करत नाहीत."

आत एकसष्टावा हॉर्न वाजला. लोक एकमेकांकडे पाहू लागले. त्सांकोने फाटकावरच्या पहारेकऱ्याला बोलावून आणलं, त्याने आपण फाटकाबाहेर ओतल्याची शपथ घेतली. स्वयंपाकघरातली बाई म्हणाली, तिने मनातल्या मनात ओतलं होतं. मॅडम हात जोडून म्हणाल्या, "ज्याचं असेल त्याने सांगा. मी कोणाला काही करणार नाही. मला सही पाहिजे."

सत्तरावा हॉर्न झाला. वेल्कोने मीटर खाली ठेवला. त्याने आधी पाटीकडे पाहिलं, मग पेनामावशीकडे.

"ते माझं आहे," तो म्हणाला.

हे भाषांतर करायचं झ्लातिनाला सुचलंच नाही.

"साडेपाचला. कोणी नव्हतं तेव्हा," वेल्को जमिनीकडे पाहत म्हणाला. "पाटी मीच लिहिली आहे, माहीत आहे मला. रायनाने घरी ओतलं ते माझ्यासाठी. इथे येऊन दिवा लावला तर लाइनवरच्या आठ खुर्च्या दिसल्या. मावशीची बादली दिसली. म्हटलं, बेचाळीस माणसांचं आज ठरणार आहे आणि यांच्यासाठी कोणी ओतलंय का? मला वाटलं, कोणी नाही. म्हणून माझ्या बाटलीतलं ओतलं. वरून रुमालाने पुसलं."

पेनामावशीने त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला. दोब्रिन्का डोळे न पुसता हॉर्न बसवत राहिली, कारण तिला थांबायची मुभा नव्हती. झ्लातिनाने शेवटी साहेबांना सगळं सांगितलं. ते उठले, टेबलावरची बाटली घेतली, मापाने मोजून अर्धा लिटर भरली आणि वेल्कोच्या हातात दिली.

"शब्दही म्हणायचे, काका."

वेल्को उंबरठ्याशी उभा राहिला. सगळ्यांकडे तोंड करून त्याने बाटली ओतली. "तुमचं सगळ्यांचं पाण्यासारखं वाहू दे," तो म्हणाला. "आणि तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर. हे सकाळी म्हणालो नव्हतो, पण तक्त्यात नसलं तरी चालेल."

एकशे सतरावा हॉर्न वाजला तेव्हा शेडमध्ये कोणी श्वास घेत नव्हतं. हिरवा. एकशे अठरावा, हिरवा. अडीचला पाच मिनिटं कमी असताना तीनशेवा झाला, तोही हिरवा, आणि दोब्रिन्काने बटणांवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. रीडेलसाहेबांनी शेवटच्या चौकटीत लिहिलं, 'अकरा लिटर, पूर्ण', खाली सही केली, सगळ्यांशी हात मिळवले आणि वेल्कोशी मिळवताना जरा जास्त वेळ धरून ठेवला. तीनला त्यांची गाडी फाटकातून बाहेर पडली.

शेडमध्ये हसणं, रडणं आणि फोन एकदमच सुरू झालं. पेनामावशी पोछा घेऊन उंबरठ्याशी आली आणि गुडघ्यावर हात टेकून वाकू लागली. वेल्कोने तिच्या हातातून पोछा काढून घेतला.

"राहू दे मावशी," तो म्हणाला. "अर्धा लिटर माझं आहे, तेवढं मी पुसतो."